कोडगेपणाचे गुण आणि कलम १५

सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप झाला की पहिल्या दोन दिवसांतच दोन वाक्ये कानावर येतात. ‘चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही’ हे पहिले आणि ‘हा सायकोपॅथ आहे, सुधारायचा नाही’ हे दुसरे. पुण्यात कोयते परजत फिरणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सुरू झाल्यापासून एक मागणीही अधूनमधून पुढे येते: प्रौढ म्हणून खटला चालवण्याचे वय सोळावरून चौदावर आणा. चौकातल्या गप्पांत ही वाक्ये चालून जातात. पण सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली बाल न्याय मंडळ जी ‘प्राथमिक चाचपणी’ करते, तिच्या अहवालातही हीच भाषा शिरायला वाट मोकळी आहे. तिथे मात्र तिचा परिणाम मुलाच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांवर होतो.

काही मुलांत निष्ठुरपणाचे, भावशून्यतेचे गुण लहानपणापासून दिसतात. ते मोजता येतात आणि पुढच्या समाजविघातक वर्तनाशी त्यांचा संबंधही आहे. हे नाकारणारे ‘मूल वाईट नसतंच’ छापाचे भाबडे उत्तर या मुलांच्याच मुळावर येते. मात्र हे गुण कोणते उपचार, किती काळ आणि किती सघन द्यायचे हे ठरवण्यासाठी उपयोगाचे आहेत. मूल कोणत्या न्यायालयात उभे करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात नाही. कलम १५ च्या कामात त्यांना जागाच नसावी, असे आमचे म्हणणे आहे.

आधी हे गुण म्हणजे नेमके काय ते पाहू. हर्व्हे क्लेक्ली या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९४१ मध्ये वरवर गोड, हुशार, पण आतून कोरड्या असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी पुढे त्यातून प्रौढ कैद्यांसाठी २० मुद्द्यांची यादी बांधली. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४० पैकी. उत्तर अमेरिकेतल्या संशोधनात ३० किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्याला सायकोपॅथ धरले जाते. १२ ते १८ वयोगटासाठी या यादीची वेगळी आवृत्ती २००३ मध्ये आली. तिच्यातही मुद्दे २०च, पण कर्त्यांनी एक गोष्ट जाणूनबुजून गाळली: कटऑफ. अमुक गुणांच्या वर गेलेला मुलगा सायकोपॅथ, असे ही चाचणी म्हणत नाही. ज्यांनी फूटपट्टी बनवली त्यांनीच तिच्यावर लाल रेघ ओढलेली नाही, हे वापरणाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

स्वीडनमध्ये २००२ साली ५० प्रश्नांची स्वयंनोंद प्रश्नावली तयार झाली. तिच्यात स्वभावगुणांचे तीन गट आहेत: बढाईखोर आणि लबाड, निष्ठुर आणि भावशून्य, उतावळा आणि बेजबाबदार. पॉल फ्रिक यांची २४ प्रश्नांची प्रश्नावली फक्त मधल्या गटापुरती आहे. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये कंडक्ट डिसऑर्डरच्या, म्हणजे वर्तनविकाराच्या निदानाला एक जोड-शेरा दिला: ‘मर्यादित समाजाभिमुख भावना’. त्याची लक्षणे चार. केल्याची बोच नसणे, दुसऱ्याच्या भावनेची फिकीर नसणे, शाळेतल्या वा कामातल्या स्वतःच्या कामगिरीची पर्वा नसणे आणि भावना उथळ असणे. यांतली किमान दोन, किमान १२ महिने, एकाहून अधिक नात्यांत आणि ठिकाणी दिसायला हवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही असाच शेरा आहे. (तिसरे लक्षण सुटे घेतले तर नववीचा अर्धा वर्ग त्यात बसेल. म्हणून तर दोन लक्षणे, बारा महिने आणि अनेक ठिकाणे या तिन्ही अटी आहेत, आणि घाईत नेमक्या त्याच गळतात.)

हीच गोष्ट व्यक्तिमत्त्वशास्त्राच्या अंगानेही पाहता येते. डोनाल्ड लायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकोपॅथी ही व्यक्तिमत्त्वाच्या प्रसिद्ध पाच घटकांच्या भाषेत मांडली. त्यातले दोन घटक ठळकपणे खाली असतात: सौहार्द, म्हणजे सरळपणा, नमतेपणा, इतरांची कदर, आणि कर्तव्यदक्षता, म्हणजे शिस्त, सबुरी, विचार करून पाऊल टाकणे. याचा अर्थ असा की ही मुले कुठल्या वेगळ्या जातकुळीची नाहीत. सगळ्यांत कमी-अधिक असणारे गुण त्यांच्यात टोकाला गेलेले असतात. आणि इथेच वयाचा मुद्दा येतो. हे दोन्ही घटक सर्वसाधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षानंतर काही काळ घसरतात आणि विशीत पुन्हा चढतात. चौदा-पंधराव्या वर्षी मोजमाप घेणे म्हणजे उतारावरच्या सगळ्यात खालच्या टप्प्यावर उभे राहून उंची ठरवणे. वय चौदावर आणण्याची मागणी करणाऱ्यांना हे ठाऊक असावे, की त्या वयात कोडगेपणाचा सच्चा गुण आणि वयाचा वांडपणा एकमेकांपासून वेगळे काढणे सर्वांत अवघड असते.

आता भाकिताकडे वळू. पिट्सबर्गमधल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात १३ व्या वर्षी आईने दिलेल्या माहितीवरून हे गुण मोजले गेले आणि २४ व्या वर्षी स्वतंत्र मुलाखतीतून पुन्हा तपासले गेले. लायनम यांच्या चमूने २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले: दोन्हींतला सहसंबंध ०.३१ (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). मधली अकरा वर्षे, बदललेली साधने आणि बदललेले माहिती देणारे लक्षात घेता हा आकडा क्षुल्लक नाही. गुण टिकतात याचा तो पुरावाच आहे. पण ०.३१ चा वर्ग जेमतेम ०.१० होतो. म्हणजे चोविसाव्या वर्षी माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला दहावा हिस्सा तेराव्या वर्षीच्या गुणांशी जुळतो. उरलेले नऊ हिस्से दुसरीकडून आलेले. तेराव्या वर्षी वरच्या टोकाला असलेली बहुतेक मुले चोविसाव्या वर्षी सायकोपॅथ ठरली नाहीत. २००७ मध्येच जॉन एडन्स आणि सहकाऱ्यांनी किशोरांच्या हेअर-यादीवरचे २१ नमुने एकत्र करून पाहिले. पुन्हा गुन्हा घडण्याशी संबंध ०.२४, हिंसक गुन्ह्याशी ०.२५ आणि लैंगिक गुन्ह्याशी जवळपास नाहीच. नमुन्यात वेगवेगळ्या वंशांची मुले जितकी जास्त, तितका हिंसेशी असलेला संबंध कमकुवत, असेही त्यांना आढळले. परदेशी चाचणी उचलून येरवड्याच्या निरीक्षणगृहात लावणाऱ्याने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

सहसंबंधाचे आकडे वाचून काही बोध होत नसेल, तर सरळ हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, गणित खरे आहे. १००० मुले घ्या. त्यातली ५० पुढे गंभीर हिंसा करणार आहेत असे धरा. चाचणी या ५० पैकी ७० टक्क्यांना अचूक पकडते आणि बाकीच्यांपैकी ८० टक्क्यांना अचूक सोडते, अशी चांगली निघाली असे माना. मग धोक्याच्या यादीत ३५ खरी नावे येतात आणि उरलेल्या ९५० पैकी २० टक्के, म्हणजे १९० खोटी. यादी २२५ जणांची, त्यात खरे ३५. दर सहा-सात शिक्क्यांमागे एक बरोबर. मंडळापुढे येणारी मुले आधीच गाळून आलेली असतात, त्यामुळे तिथे हे प्रमाण सुधारेल, हे मान्य. पण ‘चाचणी म्हणते हा धोकादायक आहे’ या वाक्यामागे किती पोकळी असते, ते या हिशेबावरून दिसते. तीच यादी उपचारासाठी वापरली तर ज्या १९० जणांना गरज नव्हती, त्यांना चार समुपदेशनाच्या बैठका जास्त मिळाल्या, इतकेच नुकसान.

शिवाय या यादीच्या पोटात एक चक्राकार युक्तिवाद लपलेला आहे. किशोर-आवृत्तीच्या २० मुद्द्यांत लवकर सुरू झालेले वर्तनदोष, गंभीर गुन्हा, सुटकेच्या अटी मोडणे, नाना तऱ्हेचे गुन्हे असे मुद्दे आहेत. आधीच्या गुन्ह्यांना गुण द्यायचे आणि त्या गुणांवरून पुढच्या गुन्ह्याचे भाकीत करायचे. भाकीत जुळते ते बरेचसे या मुद्द्यांच्या आणि उतावळेपणाच्या जोरावर. लोकांच्या डोक्यात जो सायकोपॅथ असतो, थंड आणि गोडबोल्या, त्या आंतरिक गुणांचा वाटा भाकितात तुलनेने कमी आहे. जुना गुन्हेनोंदीचा कागद पाहून जे कळले असते, तेच मानसशास्त्राच्या भारदस्त भाषेत परत सांगितले जाण्याचा धोका इथे आहे. न्यायदंडाधिकाऱ्याला मात्र ते नवे, शास्त्रीय ज्ञान वाटते.

याहून मोठी गफलत मुलाखतीच्या खोलीत होते. निरीक्षणगृहातली खोली डोळ्यांपुढे आणा. दार अर्धवट उघडे, बाहेर पोलीस. मूल दोन-तीन दिवसांपूर्वी ताब्यात आलेले. मानसशास्त्रज्ञाकडे त्या दिवशी आणखी चार प्रकरणे, म्हणजे याच्या वाट्याला पाऊण तास. मूल मान खाली घालून ‘माहीत नाही’, ‘हो’, ‘नाही’ एवढेच बोलते. मेलेल्या माणसाबद्दल विचारले तर मख्ख बसते. अहवालात ओळ पडते: ‘पश्चात्ताप आढळला नाही, भावनिक प्रतिसाद उथळ.’ या एका ओळीमागे निदान सहा वेगळी कारणे असू शकतात. वकिलाने किंवा मामाने ‘काही बोलू नकोस’ असे बजावलेले असते. धक्क्याने भावना गोठलेल्या असतात. सोल्यूशन (हुंगायची नशा) किंवा गांजा अचानक सुटल्यामुळे मूल सुन्न असते. बौद्धिक क्षमता कमी असते आणि प्रश्न कळलेलाच नसतो. स्वमग्नता (ऑटिझम) असते, जिथे दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव चेहऱ्यावर उमटत नाही, पण ती नसते असे नाही. किंवा मूल पारधी वस्तीतले, मेळघाटातले, नाही तर उत्तर प्रदेशातून कामाला आलेले असते आणि शहरी मराठीत भावना सांगणे त्याला जमत नाही. खरा निष्ठुरपणा ही यादीतली सातवी शक्यता. पहिल्या सहा नाकारल्याची नोंद अहवालात नसेल, तर सातवीला कवडीची किंमत नाही.

आणि मुळात एक प्रश्न असा, की प्राथमिक चाचपणीच्या वेळी पश्चात्ताप मोजायचा कशाचा? त्या टप्प्यावर गुन्हा सिद्ध झालेला नसतो. कायदा ‘कथित’ कृत्याबद्दल बोलतो आणि कलम ३ मधले पहिलेच तत्त्व निरपराधित्वाच्या गृहीतकाचे आहे. ‘मी केलंच नाही’ म्हणणाऱ्याला खंत कशी दिसेल? खंत दाखवली तर तो कबुलीजबाब, नाही दाखवली तर कोडगेपणाचे लक्षण. दोन्हीकडून मूलच अडकते.

कोडगेपणाचेही प्रकार आहेत. बेंजामिन कार्पमन यांनी १९४१ मध्येच प्राथमिक आणि दुय्यम असा भेद केला होता, आणि आजच्या अभ्यासांत तो किशोरांमध्ये स्पष्ट सापडतो. प्राथमिक प्रकारात चिंता कमी, भीती कमी. दुय्यम प्रकारात चिंता भरपूर, मागे मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा. वरचा निगरगट्टपणा हे त्यावर चढलेले कवच. प्रश्नावलीवर दोघांनाही सारखेच गुण पडतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे: दुसऱ्याला आघाताचे उपचार हवेत, पहिल्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून चिंता आणि आघात यांची वेगळी मोजणी न करता फक्त भावशून्यतेचा आकडा देणारा अहवाल अर्धवट धरावा.

टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला दुसरा भेद तर आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांच्या पाठपुराव्यातून त्याला बळ मिळाले. थोडी मुले तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून आक्रमक असतात आणि ती पुढेही तशीच राहतात. त्याहून कितीतरी जास्त मुले किशोरवयातच गुन्ह्याकडे वळतात, बरोबरीच्या पोरांच्या नादाने, मोठे झाल्याचे दाखवण्यासाठी, आणि नोकरी-संसार लागला की बहुतेक सुटतात. कोयता हातात घेऊन रील टाकणारा, गल्लीतल्या ‘भाई’चा वाढदिवस तलवारीने केक कापून साजरा करणारा सोळा वर्षांचा पोरगा पाहा. ‘स्वतःबद्दल अवास्तव कल्पना’, ‘थराराची ओढ’, ‘बेजबाबदारपणा’ या तिन्ही मुद्द्यांवर त्याला पैकीच्या पैकी गुण पडतील. पण त्याच्या चौथीच्या बाईंना विचारले तर कदाचित कळेल, की हा तेव्हा वर्गातला सर्वांत बुजरा मुलगा होता. त्याला वापरणारा प्रौढ भाई मोकळाच असतो. प्रौढांनी मुलांचा टोळीसाठी वापर केल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड अशी तरतूद याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये आहे. वय कमी करण्याच्या चर्चेत तिचे नाव कोणी काढत नाही.

कायदा नेमके काय विचारतो? २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतरच्या संतापातून कलम १५ आले. सोळा पूर्ण केलेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळाने तपासायचे: असा गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, त्याचे परिणाम समजण्याची कुवत आणि तो कोणत्या परिस्थितीत केल्याचे म्हटले आहे. हे तीन महिन्यांत. अतिगंभीर म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तोच गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केले. कलमाचा मजकूर कितीही वेळा वाचा. व्यक्तिमत्त्व कसे आहे, पुढे काय करेल, सुधारेल का, यातला एकही प्रश्न त्यात नाही. प्रश्न सगळे त्या दिवसाचे आहेत. तज्ज्ञ मात्र हाताशी असलेल्या चाचण्यांतून त्या मुलाच्या स्वभावाचे आणि भविष्याचे उत्तर देऊ शकतो, आणि मंडळ ते क्षमतेचे उत्तर समजून वाचू शकते. गुरुग्राममधल्या शाळेतील खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी सांगितले, की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे ऐच्छिक राहत नाही, ते बंधनकारक आहे. निर्णय योग्यच होता. पण तज्ज्ञ आणणे सक्तीचे झाले की तज्ज्ञाला काय विचारायचे, हे अधिक काटेकोर व्हायला हवे.

निष्ठुरपणाचे गुण क्षमतेच्या प्रश्नात ओढलेच, तर ते कोणत्या बाजूने मोजायचे? एसी व्हायडिंग यांच्या चमूने २००५ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास छापला. शिक्षकांनी नोंदवलेल्या भावशून्य-निष्ठुर गुणांतला फरक ६७ टक्के आनुवंशिकतेशी जोडलेला निघाला. हे गुण असलेल्या मुलांच्या समाजविघातक वर्तनात हा वाटा ८१ टक्के होता, नसलेल्यांत ३०. मार्क डॅड्स यांनी २००६ मध्ये दाखवले, की अशा मुलग्यांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, कारण ते डोळ्यांकडे पाहतच नाहीत. ‘डोळ्यांकडे बघ’ एवढे सांगितले की तेवढ्यापुरती ती उणीव नाहीशी झाली. जन्माने मिळालेली, दुसऱ्याचे भय वाचू न शकण्याची अडचण म्हणजे ‘परिणाम पूर्ण समजण्याची कुवत’ का? तर्काने पाहिले तर ती कुवत कमी असल्याचा पुरावा आहे. बोलण्यात मात्र ती मूल प्रौढ न्यायालयात पाठवण्याचे कारण बनते. एकच गुण वकिलाच्या हातात शिक्षा कमी करणारा आणि सरकारी पक्षाच्या हातात वाढवणारा ठरत असेल, तर तो निवाड्याच्या त्या टप्प्यावर आणूच नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अल्पवयीनांची फाशी रद्द करताना असाच मुद्दा घेतला होता: प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञ अठराच्या आत समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान करायला धजत नाहीत, तर त्याहून जड निवाडा ज्यूरीकडून कसा मागायचा?

इथे विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे ऐकले पाहिजे. १९४५ मध्ये जन्मलेल्या आणि फिलाडेल्फियात वाढलेल्या ९९४५ मुलग्यांच्या नोंदी मार्विन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. त्यातल्या साधारण ६ टक्के मुलांच्या नावावर अर्ध्याहून जास्त गुन्हे निघाले. हा लहानसा गट खरा आहे. ज्यांचे माणूस गेले त्यांना ‘बहुतेक मुले सुधारतात’ या सरासरीने काय दिलासा मिळणार? या गटाला ओळखून समाजाला त्याच्यापासून वाचवा, ही मागणी रास्तच आहे. अडचण एवढीच, की प्रौढ न्यायालयात पाठवून ती पुरी होत नाही. मूल २१ वर्षांपर्यंत ‘सुरक्षित ठिकाणी’, म्हणजे अशा मुलांसाठीच्या वेगळ्या संस्थेत राहते, मग गरज पडली तर तुरुंगात, आणि फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही. म्हणजे तो कधीतरी बाहेर येणारच आहे. आणि येईल तेव्हा आतल्या जुन्या कैद्यांकडून काय शिकून येईल, एवढाच प्रश्न उरतो.

अशा मुलांवर उपचार चालत नाहीत, ही समजूत तर आता मागे टाकायलाच हवी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला १९९५ मध्ये मेंडोटा केंद्र सुरू झाले. साध्या बालसुधारगृहांनी हात टेकलेली, सर्वांत हिंसक मुले तिथे पाठवली जातात. केंद्र तुरुंगाच्या ताब्यात नाही, मनोरुग्णालयाच्या प्रशासनाखाली आहे. तिथला विचार असा: बंडखोर मूल शिक्षा खाते, शिक्षेने आणखी बंड करते, त्यावर आणखी शिक्षा होते, शेवटी त्याच्याकडे गमावण्यासारखे काही उरत नाही. हे चाक उलटे फिरवायचे. प्रत्येक मुलाच्या वागण्याला रोज गुण दिले जातात आणि आजच्या गुणांवर उद्याच्या सवलती ठरतात. जुने हिशेब साठवत नाहीत. काल मारामारी केलेल्यालाही आज चांगले वागून उद्या काहीतरी मिळवता येते. मायकेल काल्डवेल यांच्या पाठपुराव्यात तिथे उपचार घेतलेल्या १०१ मुलांची तुलना, तपासणीनंतर नेहमीच्या सुधारगृहात परत गेलेल्या १४७ मुलांशी झाली. पुढच्या काही वर्षांत तुलनेच्या गटातल्या मुलांच्या हातून १६ माणसे मारली गेली. मेंडोटाच्या गटाकडून एकही नाही. दर डॉलर खर्चामागे सातएक डॉलर वाचले, असा हिशेब २००६ मध्ये छापला गेला. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, त्यामुळे थोडी सावधगिरी बाळगायला हवी. पण ‘सुधारणारच नाहीत’ या दाव्यापुढे हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

बक्षिसाची ही युक्ती लहान वयात आणखी चांगली चालते. डेव्हिड हॉज आणि डॅड्स यांनी २००५ मध्ये ४ ते ८ वर्षांच्या मुलग्यांच्या पालकांना प्रशिक्षण दिले. निष्ठुर गुण जास्त असलेल्या मुलांवर ‘कोपऱ्यात बस’ प्रकारच्या शिक्षेचा परिणाम कमी झाला. कौतुक आणि बक्षीस यांचा मात्र इतरांइतकाच. भीतीच कमी असलेल्या मुलाला धाक घालून काय होणार? आपल्याकडे नेमके उलटे घडते. ‘मार खाऊनही ढिम्म हलत नाही’ म्हणून मार वाढतो. अशा मुलाच्या आईवडिलांना सांगायच्या गोष्टी साध्या आहेत: चांगले वागल्याबरोबर, काही सेकंदांत, नेमके काय आवडले ते नाव घेऊन सांगा, बोलताना त्याच्या उंचीला येऊन डोळ्यांत बघा, शिक्षा छोटी, न चिडता, लगेच, आणि संपली की विषय संपला, रोज दहा मिनिटे त्याच्या मर्जीचा खेळ, ज्यात तुम्ही सूचना द्यायच्या नाहीत. दत्तक मुलांवरच्या २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात जन्मदात्या आईच्या समाजविघातक वर्तनाचा वारसा मुलाच्या २७ व्या महिन्यातल्या निष्ठुर गुणांत दिसला. पण दत्तक आईने १८ व्या महिन्यात भरभरून कौतुक केले होते तिथे तो वारसा उतरला नाही. रक्तात आहे म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढे वाचावे.

महाराष्ट्रात यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. बाल न्याय मंडळाने तज्ज्ञाला पाठवायच्या पत्रात कलमातले तीन प्रश्न जसेच्या तसे लिहावेत आणि ‘व्यक्तिमत्त्वाचे निदान किंवा पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता याबद्दल मत देऊ नये’ असे वाक्य जोडावे. एका भेटीवर अहवाल स्वीकारू नये. वेगवेगळ्या दिवशी किमान दोन भेटी, त्यातली एक ताब्यात आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यानंतरची, नशा आणि झोप सावरल्यावर. परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपास अहवाल दोन आठवड्यांत येणे अपेक्षित आहे. तो हाती आल्याशिवाय मानसशास्त्रीय मत तयार करू नये, कारण घर, शाळा आणि वस्ती यांची माहिती नसेल तर ‘एकाहून अधिक ठिकाणी’ ही अट तपासताच येत नाही. प्राथमिक शाळेतल्या एका तरी शिक्षकाशी बोलणे झालेच पाहिजे. लवकर सुरू झालेले आणि किशोरवयात सुरू झालेले वर्तन वेगळे करण्याचा त्याहून स्वस्त मार्ग नाही. मराठी, हिंदी किंवा मुलाच्या घरच्या बोलीत प्रमाणित न झालेल्या प्रश्नावलीचे गुण अहवालात आकड्याने लिहू नयेत.

निष्ठुर गुणांची तपासणी जरूर करावी, पण वेगळ्या कागदावर, मंडळाचा कलम १५ वरचा निर्णय झाल्यानंतर. तो कागद मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्याला जोडावा. कलम ९९ प्रमाणे तो गोपनीय राहिला पाहिजे. पोलिसांच्या पत्रकार परिषदेत त्यातले शब्द ऐकू येता कामा नयेत. त्यात चिंता आणि आघाताचे मोजमाप असावे, बक्षिसाधारित कार्यक्रम कोण चालवणार त्याचे नाव असावे आणि वर मुदत असावी: सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, त्यानंतर जुना निष्कर्ष बाद. प्रौढ म्हणून शिक्षा झालेल्या मुलाची वयाच्या २१ व्या वर्षी सुधारणा झाली का, हे बाल न्यायालयाने तपासायचे असे कलम २० सांगते. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांना कायद्याने ठेवलेली खरी जागा ती आहे. त्या दिवशी न्यायाधीशापुढे सोळाव्या वर्षी पाऊण तासात लिहिलेली एक ओळ असेल, की दर सहा महिन्यांनी केलेल्या नऊ-दहा नोंदी, हे निरीक्षणगृहात आणि सुरक्षित ठिकाणी कायमचा बालमानसशास्त्रज्ञ नेमला आहे की नाही यावर ठरेल.